उंबरठ्याखालचे लोखंड

आमच्या घरात गाडीच्या दाराखालच्या पट्टीला उंबरठा म्हणतात. हा शब्द वडिलांचा. गॅरेजमध्ये तिला कोणी साइड सिल म्हणते, कोणी रॉकर पॅनेल, कोणी नुसतेच ‘खालचा पत्रा’. परंतु दार उघडून ज्यावरून पाय आत टाकायचा तो उंबरठाच, असे त्यांचे म्हणणे असते आणि मला ते पटते. २०२२ च्या जुलैमध्ये, जांबोटीच्या पलीकडे आमच्या काजूच्या रानाकडे जाणाऱ्या पाणंदीत, हा उंबरठा चेपला, आणि त्यानंतरचे जवळजवळ आठ महिने मी गाडीच्या बाजूला कोणते संरक्षण बसवावे या एकाच प्रश्नाच्या मागे होते.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या पाणंदी ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी एवढे सांगायला हवे की, दोन्ही बाजूंना बांध, मध्ये बैलगाडीच्या जुन्या चाकोऱ्या आणि तळाला जांभा, अशी ही वाट असते. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे कापता येतात. हवेत उघडा राहिला की तो घट्ट होत जातो. पाणंदीत वर आलेले त्याचे सुळके कित्येक वर्षे वारा खाऊन घट्ट झालेले असतात. त्या दिवशी पावसाने डाव्या चाकोरीतली माती धुऊन नेली होती. वळणावर एक गुडघाभर उंचीचा सुळका दिसला, मी पुढचे चाक त्याच्या बाहेरून व्यवस्थित काढले आणि आता अडथळा मागे पडला असे समजून गाडी थोडी पुढे घेतली. तेवढ्यात वडील बसले होते त्या बाजूने लोखंड वाकल्याचा लांबलचक आवाज आला. दाराखाली बसवलेली चकचकीत फूटस्टेप वर आणि आत वाकून दाराच्या खालच्या कडेत रुतली होती. दार उघडेना. वयाच्या ७७ व्या वर्षी, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असताना, वडिलांना गिअरच्या दांड्यावरून पाय टाकून माझ्या बाजूने उतरावे लागले, आणि तेही भर पावसात.

ती फूटस्टेप मी संरक्षण म्हणून घेतली होती. दुकानात मला तसेच सांगण्यात आले होते, आणि तिचा तीन इंची जाड पाइप पाहून मलाही ते खरे वाटले होते. माझी गाडी २०२० नंतरच्या पिढीतली तीन दारांची थार. शिडीसारखी चॅसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, खाली, आणि तिच्यावर रबरी माउंटांवर ठेवलेली बॉडी, अशी तिची रचना आहे. ही रचना मला पुस्तकी भाषेत माहीत होती. आपली फूटस्टेप या दोहोंपैकी कशाला धरलेली आहे, हे मात्र मी एकदाही वाकून पाहिले नव्हते.

टिंकरिंगवाल्याकडे गाडी वर उचलली तेव्हा ते दिसले. पाइपला तीन एल-आकाराच्या पट्ट्या होत्या आणि त्या उंबरठ्याच्या पत्र्यालाच बोल्टने आवळलेल्या होत्या. पाइप स्वतः फारसा वाकलाच नव्हता. पट्ट्या दुमडल्या होत्या आणि त्यांनी आपल्याबरोबर पत्रा आत ओढला होता. हा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. दोन-तीन पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडून त्यांची पोकळ पेटी केलेली असते, आणि दाराच्या चौकटीची ताठ उभी राहण्याची ताकद बऱ्याच अंशी या पेटीतून येते. दाराचा वा मडगार्डचा खड्डा मागून ठोकून काढता येतो. उंबरठ्याच्या आत हात जात नाही. वॉशर वेल्ड करून बाहेरून ओढायचे, उरलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि रंग मारायचा, एवढेच हातात राहते. आणि आतल्या बाजूचा रंग जिथे तडकलेला असतो तिथे पुढच्या दोन पावसाळ्यांत गंज धरतो, जो बाहेर दिसतो तेव्हा पत्रा आतून संपलेला असतो. काहीही बसवलेले नसते तर त्या सुळक्याने उंबरठ्याला एक चीर पाडली असती. फूटस्टेपने तीन ठिकाणी खड्डे पाडले आणि दार अडकवले. संरक्षणासाठी घेतलेल्या वस्तूनेच नुकसान वाढवले, ही गोष्ट मला फार लागली, कारण त्या दाराआड वडील होते.

गाडीची बाजूच का मार खाते, याचा विचार मी तेव्हा पहिल्यांदा नीट केला. समोरचा बंपर चालकाच्या नजरेच्या टप्प्यात असतो. मागचा भाग उतारावर टेकतो तेव्हा वेग बहुधा कमी असतो. दोन चाकांमधला पल्ला मात्र चालकाला दिसत नाही आणि वळणावर तो पुढच्या चाकाच्या मागोमागही येत नाही. पुढचे आतले चाक सहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल आणि थारच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २४५० मिलिमीटर धरले, तर त्याच बाजूचे मागचे चाक सुमारे साडेपाच मीटर त्रिज्येवरून जाते, म्हणजे अर्धा मीटर आतून. पुढच्या चाकाने ओलांडलेला दगड मागच्या चाकापर्यंत पोहोचण्याआधी उंबरठ्याखाली सरकतो तो यामुळे. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरची दुसरी ट्रॉली बांधाचा कोपरा का खाते, हे आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. मी मात्र स्वतःच्या गाडीला तो हिशोब कधी लावला नव्हता.

दुसरा हिशोब उंचीचा. थारच्या माहितीपत्रकात जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर दिलेली असते आणि आम्ही सारे त्या आकड्यावर खूश असतो. पण तो आकडा गाडीच्या सर्वांत खालच्या बिंदूचा असतो, आणि अशा गाडीत तो बिंदू बहुधा अ‍ॅक्सलच्या मध्यावरचा डिफरेन्शियलचा गोळा असतो. उंचवटा ओलांडताना पोट टेकेल की नाही हे सांगणारा कोन निराळा, आणि या गाडीसाठी तो २७ अंशांच्या आसपास सांगितला जातो. चाकांमधले अंतर एवढे असताना मध्यभागी एखादी वस्तू एक सेंटिमीटर खाली आली की हा कोन जवळजवळ एका अंशाने घटतो. माझी फूटस्टेप उंबरठ्याच्या आठ-नऊ सेंटिमीटर खाली लोंबत होती. चॅसीचा खालचा काठ तिच्याहून वर होता. तेव्हा बाजूच्या दगडांपुरती माझी गाडी मी स्वतःच्या हाताने आणि पैसे मोजून बुटकी करून घेतली होती.

यानंतर बाजारात काय मिळते ते पाहणे आले. दार उघडताच विजेवर बाहेर येणाऱ्या आणि दार मिटल्यावर आत जाणाऱ्या पायऱ्या पाहिल्या आणि लाल चिखलात त्यांचे सांधे किती दिवस चालतील या विचाराने लगेच सोडून दिल्या. उंबरठ्यावरच जाड पोलादी पट्टी चढवण्याचा एक प्रकार आहे; तिच्यामुळे उंची घटत नाही आणि घासणारा दगड पत्र्याला लागत नाही, पण गाडीचा भार दगडावर आला तर तो शेवटी बॉडीवर आणि तिच्या रबरी माउंटांवरच जातो. उरला तो ज्याला जगभर रॉक स्लायडर म्हणतात तो प्रकार. चॅसीतून बाहेर आलेले मजबूत पाय, त्यांच्यावर उंबरठ्याला समांतर धावणारा पाइप, आणि गाडीचा एका बाजूचा सगळा भार त्यावर टेकला तरी बॉडीला धक्का लागू नये ही अपेक्षा. नाव स्लायडर आहे, कारण दगडावर बसून पुढे सरकायचे हे त्याचे काम. दगडाला अडवणे हे त्याचे काम नाही. हा फरक मला नंतर पाइपचा आकार निवडताना उपयोगी पडला.

तयार स्लायडर मागवता आले असते. बेळगावात राहून मला ते बरे वाटेना. उद्यमबागेत ओतशाळा आहेत, क्रँकशाफ्टचे मशीनिंग होते, हायड्रॉलिकचे सुटे भाग बनतात. लोखंडाला आकार देणारी माणसे तिथे पिढ्यानपिढ्या आहेत. ओळखीतून मी अशा एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पोहोचले. तिथले मामा साठीच्या पुढचे, कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारे. मी परदेशी चर्चांमध्ये वाचलेल्या पाइपांची नावे त्यांना ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मग गाडीखाली वाकून जुन्या पट्ट्यांच्या खुणा पाहिल्या आणि म्हणाले, “अक्का, पाइप कसला बी घाला. तो कशाला धरलाय ते बघा आधी. ह्यो पत्र्याला धरलावता. पत्र्याला धरलेलं पत्र्यासकट जातंय.”

पुढच्या सगळ्या निवडी या एका बोलण्यातून निघाल्या, असे मी आज खात्रीने म्हणू शकते. पाइपची जाडी डोळ्यांना दिसते, म्हणून दुकानात तिच्यावर बोलले जाते. जोड गाडीच्या पोटाखाली असतो. फूटस्टेप घेताना मी पाइपवर टिचकी मारून आवाज ऐकला होता. खाली बसून जोड पाहायला मला दहा सेकंद लागली असती.

चॅसीला धरायचे कसे, यावर आमची दोन दिवस चर्चा झाली. सरळ वेल्ड करणे सर्वांत भक्कम, असे बहुतेक जण सांगतात, आणि जुन्या जीपवर ते सर्रास केलेलेही दिसते. मामांना ते नको होते. चॅसीची भिंत काही मिलिमीटरचीच असते. तिच्यावर उभी आडवी वेल्डिंगची रेघ ओढली तर त्या रेघेलगतचे लोखंड उष्णतेने बदलते आणि वर्षानुवर्षे पीळ खाऊन नेमके तिथून तडकते. वेल्ड करायचेच तर पाय थेट चॅसीला न लावता आधी मोठी प्लेट लावावी, तिच्या कडा तिरप्या असाव्यात, म्हणजे ताण एका रेघेवर येत नाही. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची वायर काढावी, नाहीतर वेल्डिंगचा प्रवाह गाडीच्या संगणकातून वाट काढू शकतो. आम्ही बोल्टचा मार्ग घेतला. चॅसीवर कंपनीने आधीच पाडलेली भोके शोधली, नवे एकही पाडले नाही. सहा मिलिमीटर जाडीच्या प्लेटी चॅसीच्या बाजूला आणि खालच्या अंगाला अशा एल-आकारात बसवल्या, म्हणजे पाय वर ढकलला गेला तरी सगळा भार बोल्टच्या अंगावर न येता प्लेट चॅसीवरच दाबली जाते. बोल्ट ८.८ दर्जाचे घेतले. त्यांच्या डोक्यावरच्या खुणेतला पहिला आठ म्हणजे ८०० मेगापास्कल ताणापर्यंत बोल्ट तुटत नाही, आणि पुढचा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचा लांबत नाही. साध्या बाजारी बोल्टवर ही खूण नसते आणि ज्या बोल्टवर खूण नाही तो गाडीखाली वापरू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पाय प्रत्येक बाजूला चार. तीन पुरतात, असे शेडमधल्या एका तरुण वेल्डरचे म्हणणे होते, आणि सपाट रस्त्यावर उभ्या गाडीसाठी ते खरेही असेल. पण गाडी दगडावर टेकते तेव्हा भार नेमका दोन पायांच्या मध्ये कुठेतरी येतो, आणि पाय जितके दूर तितका मधला पाइप वाकतो. पाय चॅसीतून जितका लांब बाहेर येईल तितका तो तरफेसारखा चॅसीला पिळतो, म्हणून पाइप बॉडीच्या बाहेर फार काढायचा नाही हेही ठरले. प्रत्येक पायाला खालून तिकोनी गसेट, म्हणजे आधाराची पट्टी, घातली. धुराचा पाइप आणि इंधनाची नळी यांना पुरेशी मोकळीक देताना एका पायाची जागा दोन वेळा बदलावी लागली, आणि मामांनी ती कुरकुर न करता बदलली.

पाइपची गोष्ट त्यामानाने लवकर उरकली. गोल की चौकोनी, हा वाद जुना आहे. चौकोनी नळीला पाय वेल्ड करणे सोपे असते, पण तिची कड दगडात अडकते. गोल पाइप दगडावरून घरंगळल्यासारखा निघतो, आणि गाडीला सरकायचे आहे हे एकदा मान्य केले की गोलच घ्यावा लागतो. आमच्या भागात फॅब्रिकेशनवाल्याकडे सहज मिळतो तो ‘सी क्लास’ पाइप; आयएस १२३९ या मानकातला हा पाइप मुळात पाणी, वाफ वाहून नेण्यासाठी असतो. इमारतीच्या सांगाड्यासाठीच्या नळ्यांचे मानक वेगळे, आयएस ११६१, आणि त्यात लोखंड किती ताण सोसेल हे दर्जानुसार ठरवून दिलेले असते. मी दुसऱ्या प्रकारातला ३१० दर्जाचा पाइप शोधून आणला. बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, जाडी चार मिलिमीटर; मीटरला साडेचार किलोच्या आत. त्याहून जाड घेण्याचा मोह झाला होता. परंतु पाइपची वाकण्याविरुद्धची ताकद जाडी वाढवल्याने त्या प्रमाणात वाढते, व्यास वाढवल्याने त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि व्यास वाढवला तर पुन्हा उंची जाते. तेव्हा एकच जाड पाइप घेण्याऐवजी एक उंबरठ्यालगत आणि एक त्याच्या बाहेर, थोडा वर, असे दोन समांतर पाइप घेतले आणि मध्ये आडव्या पट्ट्या दिल्या. पाय वर पंधरा अंशांच्या आसपास चढते ठेवले, त्यामुळे गाडी बाजूला घसरली तरी बाहेरचा पाइप आधी टेकतो आणि उंबरठा दूर राहतो. मागच्या टोकाला बाहेरचा पाइप किंचित बाहेर वळवला. अरुंद वाटेत झाडाच्या बुंध्याला गाडी घासू लागली तर हे वळण तिला बुंध्यापासून ढकलते आणि मागचे मडगार्ड वाचते.

पाइप आणि उंबरठा यांच्यामध्ये किती फट ठेवावी, यावर मी अडले होते. मला ती दिसायला आवडत नव्हती. पाइप पत्र्याला लगटून असावा असे वाटत होते. मामांनी गाडीचे एक चाक जॅकवर उचलले आणि मला फटीत बोटे घालून बसायला लावले. चॅसी पिळली आणि रबरी माउंटांवरची बॉडी तिच्यापासून थोडी उचलली गेली. माझ्या बोटांना ते जाणवले. पाइप चॅसीला, उंबरठा बॉडीला, म्हणजे दोघांची चाल वेगळी. लगटून ठेवला असता तर पहिल्याच खडकाळ चढावर पाइपने स्वतःच उंबरठा चेपला असता. दोन सेंटिमीटर फट ठेवली. आता ती मला सुंदर वाटते.

काम पुरे झाल्यावर एकच परीक्षा घ्यायची ठरवली होती. उंच दांड्याचा जॅक बाहेरच्या पाइपच्या मध्यावर लावून गाडीची डावी बाजू दोन्ही चाकांसह उचलायची. पावणेदोन टनांच्या आसपासच्या गाडीचा निम्मा भार एका बिंदूवर. आधी उंबरठा आणि पाइप यांतली फट चार ठिकाणी मोजून खडूने लिहून ठेवली. चाके जमिनीपासून सुटली, शेडमधली ग्राइंडरची घरघर थांबली, सगळे येऊन उभे राहिले. गाडी खाली घेतल्यावर चारही ठिकाणची फट जशीच्या तशी होती. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी खडूचे आकडे बोटाने पुसून टाकले आणि चहा सांगितला.

दोन्ही बाजू मिळून साधारण ४५ किलो वजन गाडीत वाढले. हे वजन चॅसीच्या उंचीवर, म्हणजे खाली असल्याने गाडी डोलत नाही, पण ते रोज वाहून न्यावे लागते हे खरे आहे, आणि ज्याची गाडी बेळगावातल्या बेळगावात, कॅम्प ते टिळकवाडी एवढीच फिरते त्याने ते वाहू नये. अपघातात बाजूने दुसरी गाडी आदळली तर स्लायडर वाचवतील, असेही कोणी समजू नये. त्या धडकेसाठी बॉडीच्या आत वेगळी रचना असते, आणि शेडमध्ये बनवलेल्या वस्तूची तशी चाचणी झालेली नसते.

कायद्याचा भाग मी गंभीरपणे घेतला. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरबदल करण्यास मर्यादा घालते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून समोरचे क्रॅश गार्ड आणि बुल बार यांच्यावर कारवाई करण्यास सांगितले, कारण ते पादचाऱ्याला आणि गाडीतल्या माणसांनाही धोक्याचे ठरतात. मला ते योग्य वाटते. माझ्या गाडीच्या तोंडाला मी काहीही लावलेले नाही. आमच्या बाजूला चोर्ल्याच्या रस्त्याने निघाले की कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात तिथे तासाभरात पोहोचता येते, म्हणजे नाकेही अनेक. म्हणून स्लायडर चाकांच्या बाहेरच्या रेषेत ठेवले, चॅसी कापली नाही, वेल्ड केली नाही, आणि सांगितले तर पान्याने सोडवून ठेवता येतील असे बसवले. विमा कंपनीला लेखी कळवले.

एक प्रश्न मात्र स्लायडरने सोडवला नाही, उलट नवा निर्माण केला. ती मोडकी फूटस्टेप खाली लोंबत होती म्हणूनच वडिलांना तिच्यावर पाय ठेवून चढता येत होते. स्लायडर उंबरठ्याच्या पातळीला. त्यावर मधल्या पट्टीत खवल्यांची चेकर्ड प्लेट बसवून घेतली, पाय घसरत नाही, पण गुडघा तेवढा वर उचलायला हवा. पहिल्या दिवशी त्यांनी दाराची मूठ धरून दोनदा प्रयत्न केला आणि म्हणाले, “अगं, गाडी वाचली, पण मी राहिलो की खाली.” ते रागाने बोलले नव्हते, तरी मला वाईट वाटले. ज्यांच्यासाठी हे सारे आरंभले त्यांच्यासाठीच गाडी उंच झाली होती. काही दिवस आम्ही एक लाकडी चौरंग गाडीत ठेवला. तो प्रत्येक वेळी कोणीतरी खाली ठेवावा आणि उचलावा लागे, आणि वडिलांना ते आवडत नसे. शेवटी ट्रकच्या चढायच्या पायऱ्या पाहून उपाय सुचला. पुष्कळ ट्रकांची सर्वांत खालची पायरी रबराच्या पट्ट्यांवर टांगलेली असते; दगड लागला तर ती मागे झुलते आणि पुन्हा जागेवर येते. मामांनी जुन्या कन्व्हेयर बेल्टचे दोन तुकडे पाइपच्या आतल्या बाजूने बोल्ट केले आणि खाली वीतभर रुंदीची चेकर्ड प्लेट लावली. ती वडिलांच्या नडगीच्या मध्यावर येते. पाणंद सुरू होण्याआधी तिला वर घेऊन हुकात अडकवायचे असते, आणि मी ते विसरले तरी तीच माघार घेते.

करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरीच्या फांद्या दारावर जे ओरखडे काढतात त्यांवर पारदर्शक फिल्म चिकटवण्याचा सल्ला मला पुष्कळांनी दिला. मी ती घेतली नाही. ओरखडा पत्रा आत ढकलत नाही आणि दार अडकवत नाही.

गंजाचा विचार मात्र टाळता येण्यासारखा नव्हता. कणकुंबी-आमगावच्या पट्ट्यात पाऊस जूनमध्ये सुरू होतो आणि गाडीचा खालचा भाग सप्टेंबरपर्यंत धड वाळत नाही. पावडर कोटिंग दिसायला सर्वांत चांगले, पण ज्या वस्तूचे कामच दगडाला घासणे आहे तिच्यावर ते एकदा उडाले की कडेने पाणी आत शिरते आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या थराखाली गंज पसरत जातो. जस्ताच्या गरम कुंडात बुडवून घेणे टिकाऊ. ते करायचे तर सर्व वेल्डिंग आधी संपलेले हवे आणि बंद पाइपना भोके हवीत, नाहीतर आत कोंडलेली हवा आणि ओल कुंडात स्फोट घडवते. बेल्टच्या पायरीसाठी नंतर वेल्डिंग होणार हे दिसत असल्याने आम्ही ते सोडले आणि जस्तयुक्त प्रायमर व त्यावर साधा काळा एनॅमल, असे ठरवले. तो उडतो. उडालेला दिसतो, आणि ब्रशने पुन्हा लावता येतो. प्रत्येक पाइपच्या खालच्या अंगाला, दोन्ही टोकांना, पाणी निघून जाण्यासाठी आठ मिलिमीटरचे भोक ठेवले आहे.

पहिल्या पावसाळ्यात त्याच वळणावर, त्याच सुळक्यावर गाडी पुन्हा टेकली. या वेळी मी मुद्दामच सावकाश गेले. आवाज वेगळा होता, आखूड आणि भरीव. गाडी पाइपवर बसली, हातभर सरकली आणि मागचे चाक दगडाच्या बाहेरून निघाले. वडील शेजारी होते. पुढे गेल्यावर त्यांनी दार उघडून पाहिले, मिटले, पुन्हा उघडून पाहिले, आणि काही न बोलता कुलूप लागल्याचा आवाज ऐकून समाधानाने मागे टेकून बसले. पाइपचा रंग वीतभर खरवडून जांभ्याची तांबूस रेघ त्यावर उमटली होती. उंबरठ्यावर काही नव्हते.

दर वर्षी मिरगाच्या आधी मी गाडी उद्यमबागेत नेते. बोल्ट आवळल्यावर त्याच्या डोक्यावरून प्लेटवर येईल अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ मामा ओढून ठेवतात. पुढच्या वर्षी रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला. पहिली तपासणी पाचशे किलोमीटरनंतर केली होती, तेव्हा तीन बोल्टांच्या रेघा सरकल्या होत्या आणि ते पुन्हा आवळावे लागले. यंदा सोळांपैकी एकच सरकलेला निघाला, डाव्या बाजूच्या मागच्या पायाचा, सुळक्याचा भार घेणारा. मामांनी तो काढून उजेडात धरला, आटे नखाने तपासले आणि बाजूला टाकून नवा घातला. खालच्या भोकात लाल चिखल घट्ट बसला होता. मी खराट्याची काडी घेऊन तो कोरायला बसले, आणि काडी आत गेल्यावर गेल्या पावसाळ्याचे चमचाभर पाणी शेडच्या फरशीवर ओघळले.